झाडे मुबलक, फळ्या दुर्मीळ : अमेरिकेतील लाकूड दरवाढीने घरे कशी महागली

नवी दिल्ली : शिकागोच्या वायदे बाजारात ७ मे २०२१ रोजी इमारती लाकडाचा भाव प्रतिहजार बोर्ड फूट १,६७०.५० डॉलरवर बंद झाला. एप्रिल २०२० मध्ये हाच भाव तीनशे डॉलरच्या खाली होता. म्हणजे अवघ्या तेरा महिन्यांत तो पाच पटींहून अधिक वाढला. त्यापूर्वीचा उच्चांक २०१८ च्या मे महिन्यातील. तोही साडेसहाशे डॉलरच्या आसपासच होता. करोना साथीच्या काळात जगभर असंख्य वस्तू महागल्या, परंतु सर्वसामान्य कुटुंबाच्या घराच्या किमतीवर इतक्या थेटपणे आघात करणारी दुसरी वस्तू अमेरिकेत क्वचितच सापडेल.

या दरवाढीचे एक वैशिष्ट्य असे की, ज्या महिन्यांत बांधकाम व्यावसायिकांना फळ्या आणि वासे मिळत नव्हते, त्याच महिन्यांत जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी या दक्षिणेकडील राज्यांत कापणीयोग्य पाइनची झाडे मोठ्या संख्येने उभी होती आणि त्यांचे मालक ती जवळपास दहा वर्षांपूर्वीच्याच भावाने विकत होते. झाडांची टंचाई नव्हतीच. टंचाई होती ती झाड आणि घर यांच्या मधल्या टप्प्यावर. ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय २०२० ते २०२२ या काळातील भावांच्या चढउताराचा आणि आता कॅनडाच्या लाकडावर लादलेल्या शुल्काच्या परिणामांचा उलगडा होत नाही.

लाकडी सांगाड्याची घरे

भारतीय वाचकाच्या दृष्टीने घर म्हणजे सिमेंट, पोलाद, वाळू आणि विटा. लाकूड लागते ते दाराच्या चौकटीला, खिडक्यांना, फर्निचरला आणि स्लॅब ओतताना सेंटरिंगला. अमेरिकेत चित्र उलटे आहे. तेथे नव्याने बांधल्या जाणाऱ्या स्वतंत्र घरांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक घरांचा सांगाडाच लाकडी असतो. काँक्रीटच्या पायावर सोळा इंचांच्या अंतराने उभे वासे ठोकायचे, त्यांवर आडव्या तुळया टाकायच्या, वर कारखान्यात तयार झालेल्या कैच्या चढवायच्या, बाहेरून लाकडाच्या चिपा दाबून केलेले तक्ते आणि आतून जिप्समचे तक्ते बसवायचे, अशी ही पद्धत आहे. १८३० च्या दशकात शिकागो परिसरात तिचा प्रसार झाला. जाड तुळया आणि सुतारी सांधे यांच्याऐवजी गिरणीत कापलेले बारीक वासे आणि कारखान्यातील खिळे वापरल्याने घर झटपट उभे राहू लागले. पुढे १८७१ च्या भीषण अग्निकांडात शिकागो शहराचा मोठा भाग भस्मसात झाला, तरी देशातील घरबांधणी लाकडापासून दूर गेली नाही. लाकूड स्वस्त होते, जवळ होते आणि त्यात काम करणारे कारागीर गावोगावी होते.

या सांगाड्यातील सर्वांत परिचित घटक म्हणजे ‘टू-बाय-फोर’ नावाचा वासा. नाव दोन इंच बाय चार इंच असले तरी रंधा मारल्यानंतर तो प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचच भरतो. व्यवहार मात्र नावातील मापानेच होतो. मोजणीचे एकक असलेला बोर्ड फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड फळी. असे बारा बोर्ड फूट म्हणजे आपल्या वखारीतील एक घनफूट. या हिशेबाने मे २०२१ मधील उच्चांकी भाव तेव्हाच्या विनिमय दरानुसार घनफुटाला सुमारे दीड हजार रुपये होतो, तर नेहमीचा साडेतीनशे डॉलरचा भाव घनफुटाला तीनशे रुपयांच्या थोडा वर जातो. भारतातील सागाचा दर ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे आकडे फारसे मोठे वाटणार नाहीत. पण मध्यम आकाराच्या अमेरिकी घराला साधारण पंधरा हजार बोर्ड फूट, म्हणजे साडेबाराशे घनफूट लाकूड लागते, हे लक्षात घेतले की हिशेब बदलतो.

गिरण्या कमी का पडल्या

ओंडके कापून फळ्या-वासे तयार करणाऱ्या आरा गिरण्या, म्हणजेच व्यवहारातील ‘सॉ मिल’, हा या साखळीतील सर्वांत अरुंद दुवा ठरला. त्याचे मूळ साथीत नसून २००८ च्या आर्थिक मंदीत आहे.

अमेरिकेत २००५ मध्ये वीस लाखांहून अधिक नव्या घरांच्या बांधकामाला प्रारंभ झाला होता. गृहकर्जाचा फुगा फुटल्यानंतर २००९ मध्ये हा आकडा साडेपाच लाखांवर आला. लाकडाची मागणी कोसळली, शेकडो गिरण्या बंद पडल्या, यंत्रे भंगारात गेली आणि कामगार अन्य व्यवसायांत पांगले. त्यानंतरच्या दशकात घरबांधणी सावरली, परंतु सावकाश. पोळलेल्या कंपन्यांनी क्षमता जपूनच वाढवली. आधुनिक गिरणी उभारण्यास दहा कोटी डॉलरहून अधिक भांडवल आणि सुमारे दोन वर्षे लागतात. भाव वर्षभर चढा राहिला म्हणून कोणी घाईने अशी गुंतवणूक करीत नाही.

मार्च २०२० मध्ये साथ आली तेव्हा गिरण्यांच्या व्यवस्थापकांना २००८ ची आठवण होणे स्वाभाविक होते. टाळेबंदी, बेरोजगारी आणि अनिश्चितता यांमुळे घरांची मागणी कोसळेल, असा अंदाज बांधून त्यांनी पाळ्या कमी केल्या, काही गिरण्या तात्पुरत्या बंद ठेवल्या. घाऊक व्यापाऱ्यांनीही साठा उतरवला. एप्रिलमध्ये नव्या बांधकामांचा वार्षिक दर दहा लाखांच्या खाली गेला, तेव्हा हा अंदाज बरोबर असल्याचेच दिसत होते.

परंतु दोनच महिन्यांत वारे फिरले. घरून काम करणाऱ्या कुटुंबांना अधिक जागा हवीशी झाली. शहरातील सदनिका सोडून उपनगरांतील घरांकडे ओढा वाढला. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर शून्याजवळ नेल्याने तीस वर्षे मुदतीच्या गृहकर्जाचा सरासरी दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्के या विक्रमी नीचांकावर आला. प्रवास आणि हॉटेलांवरचा खर्च वाचलेल्या लोकांनी अंगणात लाकडी ओटा बांधणे, कुंपण बदलणे, तळघरात कामाची खोली करणे अशी कामे काढली. या किरकोळ खरेदीची व्याप्ती कोणी गृहीत धरलेलीच नव्हती. नव्या बांधकामांचा वार्षिक दर डिसेंबर २०२० पर्यंत सोळा लाखांच्या पुढे गेला.

गिरण्यांनी पुन्हा पूर्ण क्षमतेने काम सुरू करण्याचा प्रयत्न केला, पण कामगार आजारी पडत होते आणि अंतर राखण्याच्या नियमांमुळे पाळ्या भरत नव्हत्या. ओल्या फळ्या सुकवणाऱ्या भट्ट्यांची क्षमता तर एका रात्रीत वाढवता येण्याजोगी नसतेच. मालवाहू ट्रकना चालक मिळत नव्हते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये आलेल्या हिमवादळाने तेथील रसायन प्रकल्प बंद पाडले आणि लाकडी चिपांचे तक्ते चिकटवण्यासाठी लागणाऱ्या राळेचा पुरवठा आटला. वासे मिळाले तरी त्यांवर ठोकायला तक्ते नाहीत, अशी वेळ आली.

या टप्प्यावर टंचाईच टंचाईला जन्म देऊ लागली. पुढच्या आठवड्यात माल मिळेल की नाही याची खात्री नसलेला व्यावसायिक गरजेपेक्षा अधिक नोंदणी करू लागला. वखारवाला त्याहून अधिक मागवू लागला. आणि गिरणीपर्यंत पोहोचताना मागणीचा आकडा प्रत्यक्ष गरजेपेक्षा कितीतरी फुगलेला दिसू लागला. बांधकामाच्या जागेवरून फळ्या चोरीला जाण्याचे प्रकार अमेरिकेत आणि कॅनडात वाढले, त्यावरूनही त्या काळातील लाकडाचे मोल लक्षात यावे.

या साऱ्यात दक्षिणेकडील वृक्षमालक मात्र कोरडाच राहिला. १९८५ च्या कृषी कायद्यातील भूसंवर्धन योजनेखाली अनेक शेतकऱ्यांनी निकस जमिनीवर सरकारी साहाय्याने पाइनची लागवड केली होती. ही झाडे पंचवीस-तीस वर्षांनी कापणीला येतात. ती आली तेव्हा २००८ नंतरची मंदी होती. अनेकांनी भाव येईल या आशेने कापणी लांबवली. परिणामी उभ्या झाडांचा साठा वाढतच गेला. २०२१ मध्ये फळीचा भाव आकाशाला भिडला तरी कापणीच्या पाइनला टनामागे मिळणारी किंमत सुमारे २५ डॉलरच राहिली. ओंडके विकणारे अनेक आणि ते घेणारी गिरणी परिसरात एखादीच, अशा बाजारात याहून वेगळे घडणे कठीण होते. गिरण्या चालवणाऱ्या कंपन्यांचे नफे मात्र विक्रमी झाले. जंगल आणि गिरण्या दोन्ही बाळगणाऱ्या वेअरहाउझर या कंपनीने २०२१ मध्ये २.६ अब्ज डॉलरचा निव्वळ नफा नोंदवला.

तांदळाच्या दाण्याएवढा भुंगा

दक्षिणेत झाडे होती, पण उत्तरेकडील शेजाऱ्याकडे परिस्थिती वेगळी होती. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या सूचिपर्णी लाकडाचा सुमारे पाव हिस्सा कॅनडातून येतो आणि त्यात ब्रिटिश कोलंबिया या पश्चिमेकडील प्रांताचा वाटा दीर्घकाळ सर्वांत मोठा राहिला. शिकागोच्या वायदे बाजारातील त्या काळचा करारही याच प्रांतातील मालाच्या आधारे ठरत असे.

या प्रांतातील लॉजपोल पाइनच्या जंगलांवर १९९० च्या दशकात डोंगरी पाइन भुंग्याने हल्ला चढवला. हा कीटक जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. साल पोखरून तो आत अंडी घालतो आणि त्याच्याबरोबर शिरलेली बुरशी झाडाचे पाणी तोडते. पूर्वी उणे ३५ ते ४० अंशांपर्यंत उतरणाऱ्या थंडीत त्याच्या अळ्या मरत असत. हिवाळे सौम्य झाले आणि हा नैसर्गिक अटकाव सुटला. पुढील दोन दशकांत एक कोटी ८० लाख हेक्टरहून अधिक क्षेत्र बाधित झाले आणि प्रांतातील व्यापारी उपयोगाचा निम्म्याच्या आसपास पाइनसाठा नष्ट झाला.

मेलेले झाड काही वर्षे कापण्याजोगे राहते. त्यामुळे सरकारने सुरुवातीला तोडीची मर्यादा वाढवली आणि बाजारात लाकडाचा सुकाळ झाला. तो ओसरल्यावर तोडीची मर्यादा घटवणे भाग पडले. त्यातच २०१७ आणि २०१८ या लागोपाठच्या दोन वर्षांत वणव्यांनी प्रत्येकी बारा लाख हेक्टरहून अधिक जंगल जाळले. २०१९ पर्यंत या प्रांतात गिरण्या बंद पडण्याचे सत्र सुरू झाले होते. साथ येण्याच्या आधीच अमेरिकेच्या एका मोठ्या पुरवठादाराचा हात आखडला होता, हे त्या वेळच्या बातम्यांत फारसे ठळकपणे आले नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये याच प्रांतात अतिवृष्टीने पूर येऊन व्हँकुव्हर बंदराकडे जाणारे रेल्वेमार्ग आणि महामार्ग खचले. वर्षाच्या मध्यात उतरलेले भाव पुन्हा चढले आणि मार्च २०२२ च्या प्रारंभी तेराशे डॉलरच्या पुढे गेले.

चार दशकांचा शुल्कवाद

कॅनडातील लाकडाच्या आयातीवरून दोन्ही देशांत १९८२ पासून वाद सुरू आहे. वादाचा मुद्दा जंगलाच्या मालकीचा आहे. अमेरिकेतील बहुतेक ओंडके खासगी जमिनीवरून येतात आणि त्यांचा भाव बाजारात ठरतो. कॅनडात जंगले प्रामुख्याने प्रांतिक सरकारांच्या मालकीची आहेत आणि झाडतोडीचे मूल्य सरकार ठरवते. हे मूल्य जाणूनबुजून कमी ठेवले जाते, म्हणजे ते एक प्रकारचे अनुदानच आहे, असा अमेरिकी गिरणीमालकांचा दावा आहे. कॅनडा तो सातत्याने फेटाळत आला आहे. २००६ मध्ये झालेला करार ऑक्टोबर २०१५ मध्ये संपला आणि नवा करार झाला नाही. २०१७ पासून अमेरिकेने बहुतेक कॅनेडियन कंपन्यांवर सुमारे वीस टक्के शुल्क लावले. डिसेंबर २०२० मध्ये ते ८.९९ टक्क्यांवर आले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये, टंचाईच्या ऐन काळात, पुन्हा जवळपास १८ टक्के झाले.

हे शुल्क दरवाढीचे एकमेव कारण होते असे म्हणता येत नाही, कारण भाव सर्वाधिक चढला तेव्हा ते नऊ टक्केच होते. परंतु ज्या बाजारात पुरवठा आधीच तोकडा आहे, तेथे आयात महाग करण्याचा निर्णय अमेरिकी ग्राहकाच्या हिताचा नव्हता, हेही उघड आहे.

घर घेणाऱ्याचा हिशेब

अमेरिकेतील गृहबांधणी व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेने एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणनेनुसार, वर्षभरातील लाकूड दरवाढीमुळे सरासरी नव्या स्वतंत्र घराची किंमत ३५,८७२ डॉलरने वाढली होती. तेव्हाच्या दराने ही रक्कम २६ लाख रुपयांच्या घरात जाते. हा आकडा जगभर उद्धृत झाला. तो वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक, यात केवळ वासे आणि फळ्या नसून प्लायवूड, तक्ते, कैच्या, दारे-खिडक्या आणि स्वयंपाकघरातील कपाटे यांचाही समावेश आहे. दुसरी, ही संघटना आयात शुल्क रद्द करण्याची मागणी करणारी हितसंबंधी संस्था आहे. तरीही दरवाढीचा भार अखेर ग्राहकावर पडला, यात शंका नाही.

अनेक व्यावसायिकांनी करारांत ‘लाकूड महागल्यास घराची किंमत वाढेल’ असे कलम घातले. काहींनी सांगाडा उभा राहून लाकडाचा खर्च निश्चित होईपर्यंत घर विक्रीलाच काढले नाही, तर काहींनी महिन्याला किती घरांची नोंदणी घ्यायची यावर मर्यादा आणली. ज्यांनी दरवाढीपूर्वी ठरावीक किमतीला करार केले होते, त्या छोट्या कंत्राटदारांना तोटा सोसावा लागला. पहिले घर घेणारी तरुण कुटुंबे सर्वाधिक अडचणीत आली. जुन्या घराच्या विक्रीतून पैसा उभा करणाऱ्यांच्या हाती वाढलेल्या किमतीचा लाभ होता, यांच्या हाती तो नव्हता. त्याच संघटनेच्या २०२१ मधील अंदाजानुसार घराची किंमत हजार डॉलरने वाढली तरी सुमारे दीड लाख कुटुंबे कर्जाच्या पात्रतेबाहेर जातात. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया येथे स्थायिक होऊ पाहणाऱ्या भारतीय, त्यांत मराठी, कुटुंबांनाही याच बाजारात उभे राहावे लागले. भाडेकरूही सुटले नाहीत. बहुमजली इमारतींतील नव्या सदनिकांचे भाडे लाकडामुळे महिन्याला ११९ डॉलरने वाढल्याचा याच संघटनेचा हिशेब होता.

अन्य देशांतील पडसाद

अमेरिकेत चौपट-पाचपट भाव मिळू लागताच जर्मनी, स्वीडन आदी देशांतील निर्यातदारांनी माल तिकडे वळवला आणि युरोपातील सुतार व बांधकाम व्यावसायिकांना स्वतःच्या देशातील लाकूड मिळेनासे झाले. पुढे रशियाने १ जानेवारी २०२२ पासून न कापलेल्या सूचिपर्णी ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपीय संघानेच रशियन लाकडाची आयात थांबवली.

भारतात ही झळ वेगळ्या वाटेने पोहोचली. सर्वोच्च न्यायालयाचा १२ डिसेंबर १९९६ चा गोदावर्मन प्रकरणातील आदेश आणि त्यापूर्वीचे १९८८ चे राष्ट्रीय वनधोरण यांमुळे नैसर्गिक जंगलातील तोडीवर कडक नियंत्रणे आली. देशाची गरज तेव्हापासून मुख्यतः शेतबांधावरील व खासगी लागवडीतील झाडे आणि आयात यांतून भागते. आयातीचे सर्वांत मोठे केंद्र गुजरातमधील कांडला बंदर आणि त्यालगतचे गांधीधाम. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केल्यानंतर हा व्यापार आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि न्यूझीलंडकडे अधिक वळला. न्यूझीलंडचा रेडिआटा पाइन गांधीधामच्या गिरण्यांत कापला जाऊन सेंटरिंग आणि वेष्टनाच्या खोक्यांसाठी देशभर जातो. २०२० च्या अखेरीस चीनने ऑस्ट्रेलियन ओंडक्यांवर निर्बंध घातल्याने चिनी खरेदीदार न्यूझीलंडकडे अधिक वळले. त्यातच जहाजभाडे आणि कंटेनरचे दर कमालीचे वाढले. भारतातील आयातदाराला दोन्हींचा फटका बसला.

तथापि भारतीय घराच्या किमतीत लाकडाचा वाटा मर्यादित असल्याने येथे खरा ताण पोलादाचा होता. केंद्र सरकारने मे २०२२ मध्ये पोलादाच्या अनेक उत्पादनांवर १५ टक्के निर्यात शुल्क लावले ते त्यामुळेच. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने लाकडाच्या वापरावर १९९३ पासून असलेली बंदी जुलै २०२० मध्ये उठवली होती, म्हणजे नेमकी जागतिक टंचाईच्या तोंडावर. लागवडीतील लाकडाला मागणी निर्माण व्हावी, हा त्यामागचा हेतू होता.

भाव उतरले, घरे उतरली नाहीत

शिकागोतील भाव मे २०२१ नंतर जितक्या वेगाने चढला तितक्याच वेगाने कोसळला. जून महिन्यातच तो चाळीस टक्क्यांहून अधिक घसरला आणि ऑगस्टमध्ये पाचशे डॉलरच्या खाली गेला. अव्वाच्या सव्वा भावामुळे घरगुती कामे काढणाऱ्यांनी हात आखडता घेतला होता आणि निर्बंध सैल झाल्यावर लोक प्रवासाला निघाले होते. अमेरिकी मध्यवर्ती बँकेचे तत्कालीन अध्यक्ष जेरोम पॉवेल यांनी १६ जून २०२१ च्या पत्रकार परिषदेत लाकडाचे उदाहरण देऊन, टंचाईमुळे चढलेले भाव कालांतराने उतरतात, असे प्रतिपादन केले. लाकडाबाबत ते खरे ठरले. एकूण महागाईबाबत मात्र ठरले नाही. तिचा वार्षिक दर जून २०२२ मध्ये ९.१ टक्क्यांवर गेला.

महागाई रोखण्यासाठी व्याजदर वाढवले गेले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये गृहकर्जाचा दर दोन दशकांत प्रथमच सात टक्क्यांपलीकडे गेला. घर घेणाऱ्यासाठी याचा अर्थ काय, हे साध्या हिशेबाने दिसते. लाकडामुळे वाढलेले ३५,८७२ डॉलर तीन टक्के दराने तीस वर्षांच्या कर्जात मिळवले तर हप्ता महिन्याला सुमारे १५० डॉलरने वाढतो. तीन लाख डॉलरच्या कर्जाचा हप्ता २.६५ टक्के दराने सुमारे १,२०९ डॉलर होता, ७.०८ टक्के दराने तो २,०१२ डॉलर झाला. म्हणजे महिन्याला आठशे डॉलरची वाढ. लाकूड साथीपूर्व पातळीवर आले तोवर घर बहुसंख्यांच्या आवाक्यापासून आणखी दूर गेले होते. नव्या घराची मध्यक विक्री किंमत २०२० मध्ये सुमारे ३ लाख ३७ हजार डॉलर होती, ती २०२२ मध्ये सुमारे ४ लाख ५८ हजार डॉलर झाली. जमीन, मजुरी आणि इतर साहित्य यांचे दर एकदा चढल्यावर लाकडासारखे खाली आले नाहीत, आणि स्वस्त लाकडाचा लाभ किमतीत उतरवण्याची सक्ती बांधकाम व्यावसायिकांवर कोणाचीच नव्हती.

पुन्हा शुल्क, पुन्हा बंद गिरण्या

कॅनडाच्या लाकडावरील शुल्क ऑगस्ट २०२४ मध्ये सुमारे साडेचौदा टक्के झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये डम्पिंगविरोधी आणि अनुदानविरोधी शुल्क मिळून बहुतेक कंपन्यांसाठी ते सुमारे ३५ टक्क्यांवर नेण्यात आले. राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव आणखी दहा टक्के शुल्क १४ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाले. त्याच आदेशाने स्वयंपाकघरातील आयात कपाटांवरही २५ टक्के शुल्क बसवले. देशांतर्गत लाकूड उत्पादन वाढवण्याचा आदेश अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी १ मार्च २०२५ रोजीच काढला होता.

इतक्या शुल्कानंतर भाव २०२१ प्रमाणे भडकतील, अशी अनेकांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात ऑगस्ट २०२५ च्या आरंभी सातशे डॉलरजवळ पोहोचलेला वायदा महिनाभरात जवळपास चौथ्या हिश्शाने घसरला. शुल्क लागू होण्यापूर्वीच कॅनडातून मोठ्या प्रमाणावर माल आणून ठेवलेला होता, आणि चढ्या व्याजदरामुळे नव्या घरांची मागणी मंद होती. त्यामुळे शुल्काचा भार तूर्त ग्राहकापेक्षा गिरण्यांवर अधिक पडताना दिसतो.

उत्पादन वाढवण्याचे आदेश झाडतोडीला चालना देऊ शकतात. झाडे तर दक्षिणेत आधीपासूनच उभी आहेत. फळ्या करणारी क्षमता मात्र मागणी मंदावताच पुन्हा आकसू लागली आहे. कॅनफोर या कॅनेडियन कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क आणि ओंडक्यांची अनुपलब्धता यांचे कारण देत ब्रिटिश कोलंबियातील व्हँडरहूफ आणि फोर्ट सेंट जॉन येथील गिरण्या बंद करण्याची घोषणा केली. सुमारे पाचशे कामगारांचे रोजगार गेले. त्याच वर्षी तिने अलाबामातील मोबिल येथील, म्हणजे मुबलक पाइनच्या प्रदेशातील, गिरणीही बंद केली.